पुडीचं अनुपान

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्यानं एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "आत्या, इथं सही करून दे."

तेरवी माझ्या वहिनीची. भाचा म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, नागपूरला नोकरी करतो. डोक्याचे केस उतरवलेले, डोळे सुजलेले, पण कागद कसा चकाचक, हिंदीत, परिच्छेद पाडून लिहिलेला. आमच्याकडची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची, तरुण पोरं बोलताना मराठी-हिंदीची मिसळ करतात, अर्ज लिहायचा म्हटलं की हिंदीच. अर्ज कलेक्टर साहेबांच्या नावानं होता. मी ज्या छोट्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची, तिथली बंद पडलेली आयुर्वेदाची खोली सरकार पुन्हा उघडणार होतं. नवा वैद्य, नवी औषधं, नवी पाटी. भाच्याचं म्हणणं, हा जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे. तोच पैसा चांगल्या डॉक्टरवर, ऑक्सिजनच्या गाडीवर लावा. चूर्णं चाटायची ज्याला हौस असेल त्यानं आपल्या खिशातून चाटावीत. आणि शेवटची ओळ, माझी आई ह्या पुड्यांच्याच नादात गेली.

"तुझ्या सहीले वजन आहे," तो म्हणाला. "तू खुद फार्मासिस्ट. तीस साल तू पाह्यलं सगळं. मम्मी ह्या पुड्यांच्याच नादात गेली, आत्या. कितीक वर्षं त्या वैद्याच्या मागं होती. अन् सरकार त्याले पगार देऊन राह्यलं होतं, आपल्या टॅक्समधून!"

मी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. भाषा ओळखीची वाटली, आणि का वाटणार नाही? तशाच दोन पानांवर मी स्वतः एकदा सही केली होती. ते भाच्याला माहीत नव्हतं.

"उद्या मी निघाच्या आधी दे," म्हणून तो मंडपवाल्याची भांडी परत करायला गेला आणि मी कागदासमोर बसून राहिले.

आता आधी माझ्याबद्दल सांगून टाकते, कारण ह्या सगळ्याचं मूळ माझ्या स्वभावात आहे. मी तापट. राग माझ्या नाकावर असतो. खिडकीवर येऊन कुणी म्हटलं, "मॅडम, ती लाल गोळी द्या ना, मागच्या खेपेची," की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लाल गोळ्या ढीगभर आहेत बाप्पा, नाव सांग! लोक मला भ्यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. भिऊन का होईना, गोळ्या तर वेळेवर घेतात, अशी माझी पक्की समजूत होती. मला स्वतःला बीपी आहे, आणि डॉक्टर म्हणायचे, मॅडम, तुमचं अर्धं बीपी खिडकीवरच्या भांडणांचं आहे.

वहिनी लग्न होऊन बालाघाटला आली तेव्हा मी सातवीत होते. आई आधीच गेलेली. माझ्या वेण्या वहिनीनं घातल्या, मला नऊवारी नेसायला तिनंच शिकवलं, आणि मला फार्मसी शिकायला जबलपूरला पाठवायला भाऊ तयार होईना तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं भांडण म्हणजे तेवढंच, न बोलणं. तिला काही सांगा, ती "हौ" म्हणायची आणि मग आपलं मनातलं करायची. चहात साखर कमी घाल म्हटलं की हौ. साखर तेवढीच. माझं लग्न जमलं नाही, म्हणजे मीच जमू दिलं नाही. भाऊ गेला, भाचा नागपूरला गेला, आणि घरात आम्ही दोघी उरलो. सकाळी साडेआठच्या बसनं मी लालबर्र्याच्या रस्त्यानं दवाखान्यात जायची, दिवे लागायच्या सुमारास परत यायची. दिवसभर ती एकटी.

भाऊ गेला त्याच वर्षी तिचं बीपी निघालं. मी गोळी आणून दिली. आठ दिवसांत म्हणाली, "ताई, ही गोळी मले गरम पडते. डोकं भणभण करते."

"अवं, गोळी गरम नसते अन् थंडही नसते! गोळी आहे ती, आंबा नाही!"

"हौ," ती म्हणाली. दोन दिवसांनी जास्वंदीच्या कुंडीत चार गोळ्या सापडल्या.

मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. आमच्या दवाखान्याला एक लांब व्हरांडा. ह्या टोकाला डॉक्टरांची खोली आणि माझी खिडकी, त्या टोकाला आयुर्वेदाची खोली. नोंदणीची परची एकच, शिक्का एकच. लोक परची घेऊन व्हरांड्याच्या मधोमध उभे राहायचे आणि इकडं जायचं की तिकडं, ते आपल्या मनानं ठरवायचे. आमच्या बाजूला रांग पळायची. डॉक्टर एका माणसाला दोन मिनिटं द्यायचे. जास्त देणार तरी कुठून, एकटा जीव, आणि दारात सगळी पंचक्रोशी. तिकडं वैद्यजींच्या खोलीबाहेर लोक बाकावर निवांत बसलेले असायचे.

वैद्यजी माझ्यासारखेच सरकारी नोकर. पदवीधर, उंच, किडकिडीत, बारा महिने खांद्यावर पांढरा गमछा. मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायचे आणि वाटायचं, हा माणूस झोपला की काय. मी त्यांना कधी मोजलंच नाही. बसू द्या बिचाऱ्यांना, कुणाचं नुकसान तर करत नाहीत ना, असं म्हणायची, आणि वर म्हणायची की पण सरकार ह्याचा पगार का देतं ते कळत नाही.

त्या दिवशी मी नर्सला शोधायला आत गेले तेवढ्यात वहिनी व्हरांडा ओलांडून त्यांच्या खोलीत जाऊन बसली. चांगली वीस मिनिटं. नंतर पाहते तर बाई माझ्या खिडकीसमोर रांगेत उभी, परक्या माणसासारखी. तिचा नंबर आला तशी हातातली कागदाची पुडी दाखवून म्हणाली, "ताई, हिचं अनुपान दे."

अनुपान म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते. कुणाला मधातून, कुणाला तुपातून, कुणाला कोमट पाण्याबरोबर. ते स्वयंपाकघरात मिळतं, माझ्या खिडकीवर नाही. मी तसं सांगितलं.

"नाही वं," ती म्हणाली. "वैद्यजीनं सांगतलं, ह्या पुडीचं अनुपान म्हणजे तुझ्याजवळची पांढरी गोळी. दुपारी जेवण झालं की दोन्ही संगं घ्याचं. पुडीबिगर गोळी घेतली तर गरम पडते. अन् गोळीबिगर पुडी घेतली तर अपाय होते."

माझं डोकं सणकलं. जगभरच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून काढलेली गोळी, आणि ती ह्यांच्या पुडीला मध-तुपाच्या जागी! आणि वहिनी एकटी नव्हती. त्यानंतर मी लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, बीपीचे म्हातारे, शुगरच्या बाया, एक टीबीचा माणूससुद्धा, सगळे "अनुपान" न्यायला येत होते. मी जेवणाच्या सुटीत सरळ त्यांच्या खोलीत गेले.

"वैद्यजी, हे काय चालवलं तुम्ही?"

ते भाकरी खात होते. "बसा बाई. खाता का थोडी?"

"मी खायला आले नाही. लोकांना खोटं सांगता तुम्ही."

"हौ," ते म्हणाले, "थोडं सांगतो. पण तुमची गोळी इथल्या एका म्हाताऱ्यानं नालीत टाकली होती, आता पोटात टाकते. तुमचं काय गेलं त्याच्यात?"

मी जास्तच चिडले आणि खिडकीवर परत आले. वहिनीचं बीपी मात्र उतरलं. महिन्याच्या महिन्याला माझ्यासोबत बसनं यायची, केसांना तेल लावून, ठेवणीतलं पातळ नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. वैद्यजींकडे बसायची, मग माझ्या रांगेत उभी राहायची. एकदा बसमध्ये मला सांगत होती, त्यांनी विचारलं म्हणे, दिवसभर तुमच्याशी कोण बोलते? मी म्हटलं, हा काय औषधाचा प्रश्न झाला? ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मले नाही विचारलं कोणी कधी." मी तेही ऐकून सोडून दिलं. पाच-सहा वर्षं असं चाललं.

मग वरून विचारणा आली. दवाखान्यात रक्त-लघवी तपासायची लॅब बसवायची होती आणि खोली नव्हती. कोणत्या विभागाचा उपयोग किती, शासनाचा खर्च कुठं व्हावा, ह्यावर प्रत्येकानं आपलं प्रतिवेदन द्यावं असा आदेश निघाला. बाकीच्यांनी चार ओळी खरडल्या. मी दोन पानं लिहिली. सरकारी हिंदीत मी मोठी पक्की, अक्षरही देखणं. रोगी भ्रमित होत आहेत, सिद्ध औषधाला चूर्णाचं अनुपान म्हणून सांगितलं जात आहे, शासकीय धनाचा उपयोग सिद्ध उपचारांवरच व्हावा. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आजही नाही. मी ती दोन पानं वाचून पाहिली आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

महिन्याभरात आयुर्वेदाची खोली बंद झाली आणि वैद्यजींची बदली लामत्याकडं झाली. निवृत्तीला त्यांचं वर्षही उरलं नव्हतं. लॅब आली, चांगली आली. पूर्वी रक्त तपासायला बालाघाटला पळावं लागायचं, ते वाचलं. हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी सगळं एकाच रंगात रंगवते आहे.

जायच्या दिवशी वैद्यजी माझ्या खिडकीवर आले. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी लागट. मीही कंबर कसून उभी राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या वहिनी ह्या महिन्यात येऊन गेल्या. पंधरा दिवसांच्या पुड्या असतीन अजून त्यांच्याजवळ. त्या सरल्या की त्यांना सांगजा, आता पुडीची गरज नाही, नुसती गोळी चालते, वैद्यजीनं सांगतलं म्हणा. माझंच नाव सांगजा बरं. तुमचं सांगणं त्या ऐकणार नाहीत."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. माझ्या घरात, माझ्या वहिनीला, माझी गोळी द्यायला मी ह्यांची परवानगी सांगू? "बरं," मी म्हणाले आणि पुढच्या माणसाची परची हातात घेतली.

पुड्या संपल्या त्या दिवशी वहिनीनं ताट वाढता वाढता विचारलं, "ताई, वैद्यजीकडं कधी जाचं?"

"ते गेले. बदली झाली त्यांची."

"अवं माय! मंग पुडी?"

"पुडीचं नाव काढू नको आता. मी गोळी आणून देते ती मुकाट्यानं घे."

"पण पुडीबिगर गोळी गरम..."

"कोण म्हणतं? तो थापाड्या? तीस वर्षं मी औषधांत काढली, मला शिकवते तू? लहान पोर आहे का तू पुडी चाटायला?"

एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. वैद्यजींचा निरोप जिभेवर आला होता. एकच वाक्य होतं. वैद्यजीनं सांगतलं, आता नुसती गोळी चालते. पण त्या माणसाचं नाव माझ्या तोंडून निघेना. मी जिंकले होते ना, मग त्याचं नाव का घेऊ!

"हौ," वहिनी म्हणाली आणि पोळी वाढली.

त्यानंतर दर महिन्याला गोळ्यांची तीन पाकिटं मी आणायची आणि तिच्या हातात द्यायची. ती पदराला हात पुसून घ्यायची. संध्याकाळी घरी आले की बूट काढता काढता मी विचारायची, "गोळी घेतली?" आतून आवाज यायचा, "हौ." झालं. नऊ महिने. मधे दोनदा म्हणाली, डोकं दुखते. मी म्हटलं, ऊन केवढं आहे. एकदा म्हटलं, चल, बीपी मोजून आणू, तर म्हणाली, बसमध्ये पाय दुखते, पुढच्या महिन्यात जाऊ. दिवसभर बीपीच्या यंत्राशेजारी बसणारी मी, घरात एक यंत्र आणून ठेवलं नाही. आणि कुंडीतल्या त्या चार गोळ्यासुद्धा मला एकदाही आठवल्या नाहीत.

त्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला. वहिनी कपडे धुवायच्या दगडाजवळ पडली होती, तोंड वाकडं झालं होतं. मी पोचेपर्यंत लोकांनी गाडी काढली होती. आम्ही तिला गोंदियाला नेलं. डोक्यात रक्तस्राव झालाय म्हणाले. तिथल्या तरुण डॉक्टरनं कागद पुढं ओढून मला विचारलं, बीपीची गोळी चालू होती का?

"एक दिवस चुकली नाही," मी म्हणाले. "मी स्वतः फार्मासिस्ट आहे. मीच आणून देते." त्यानं तसं लिहून घेतलं.

चार दिवस होती. डोळे उघडे असायचे, माझ्याकडं पाहायची. मी तिचा हात धरून बोलत राहायची, औषध सुरू आहे, बरी होशील, घरी जाऊ. जन्मभर सगळ्याला हौ म्हणणारी बाई, तिला तेवढंही म्हणता येत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी गेली.

तेरवीच्या तयारीला बाया आल्या तेव्हा पापड पाहिजे होते. पापडाचा डबा वरच्या फळीवर, वहिनीशिवाय तिथं कुणाचा हात जात नसे. मी स्टूल ठेवून चढले. पापडाच्या मागं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. उघडला. आत माझी पाकिटं. तीन-तीनची जुडी करून, रबर लावून, ओळीनं लावून ठेवलेली. सत्तावीस. एकाही गोळीची चांदी फाडलेली नाही. आणि सगळ्यांच्या वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एकच पुडी, वैद्यजींच्या घडीची. शेवटची तिनं राखून ठेवली होती, अडीअडचणीला.

मी स्टुलावरून उतरून खाली फरशीवर बसले. आधी राग आला, आणि तोही तिचाच! अगं, फेकून तरी द्यायच्या होत्या, अशा जपून कशाला ठेवल्या? मग कळलं, फेकवल्या नसतील. मी आणलेल्या होत्या ना. बाहेरून बाया विचारत होत्या, बाई, भेटले का पापड? मी म्हटलं, भेटले.

दुसऱ्या दिवशी वैद्यजी आले, भेटायला. निवृत्त झालेले, पाठीत वाकलेले, बसनं आले होते. भाचा सामान आणायला गेला होता. मी त्यांना पाणी दिलं. मग मी आतून डबा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी पाकिटं पाहिली. पुडी उघडली, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली.

"काय होतं हिच्यात?" मी विचारलं.

"सुंठ. खडीसाखर. जराशी वेलची."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी कितीकांना मी खरं औषध देत होतो बाई, ते माझं शास्त्र आहे, त्याले मी खोटं म्हणणार नाही. पण तुमच्या वहिनीची दवाई तुमचीच होती." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "माझा निरोप दिला नव्हता का त्यांना?"

"नाही."

मला वाटलं, आता हा माणूस मला बोलेल. बोलावं असंच वाटत होतं. त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "पुडीबिगर गोळी गरम पडते, हे मी म्हणाचं नव्हतं. त्यांनी गोळी घ्यावी म्हणून जोर देऊन बोलून गेलो. मी खुद एकदा घरी येऊन जाले पाह्यजे होतं. लामत्याहून बस होती. वाटलं, तुम्ही सांगसान." पाणी प्याले, उठले आणि गेले. डबा मी पुन्हा फळीवर ठेवला, आणि तेरवी होईपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही.

तर आता भाच्याचा कागद. दिवसभर तो माझ्यासमोर होता. ती शेवटची ओळ सोडली तर त्यातलं काय खोटं होतं? सुंठ-साखरेनं बीपी उतरत नाही. सरकारनं सुंठ-साखर वाटायला पैसा खर्च करू नये, हे मी आजही म्हणेन, कुणीही मारून मुटकून माझ्याकडून दुसरं वदवून घेणार नाही. पण वीस मिनिटं एका विधवेचा हात हातात धरून, दिवसभर तुमच्याशी कोण बोलते, हे विचारणारा माणूस सरकारनं पगार देऊन त्या खोलीत बसवला होता, आणि तो पगार कशासाठी होता हे सरकारलाही माहीत नव्हतं. त्याच्यासाठी खर्चाचा रकानाच नाही. मी माझ्या दोन पानांत पुडीचा हिशेब मांडला, तो बरोबर मांडला. ह्या दुसऱ्या गोष्टीची मला गंधवार्ता नव्हती. आता नवा वैद्य येईल तो कसा असेल देव जाणे. असलाच पुड्या देणारा असेल आणि गोळी बंद करायला सांगणारा असेल, तर मीच पहिली जाऊन भांडेन. मला खरंच ठरवता आलं नाही, आणि आजही ठरवता येत नाही.

सकाळी भाचा बॅग भरून बाहेर आला. "केली सही?"

मी डबा आणून कागदावर ठेवला. उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगितलं. दोन पानं, निरोप, ओरडणं, गोंदियाच्या डॉक्टरला दिलेलं उत्तर. मधे थांबले असते तर पुढचं तोंडातून निघालं नसतं. "डॉक्टर पाहिजे, गाडी पाहिजे, त्याच्यावर मी हजार सह्या करीन," मी म्हटलं. "पण तुझी आई पुड्यांच्या नादात गेली, हे खोटं आहे. ती ओळ काढ."

त्यानं एकेक जुडी बाहेर काढली, हातात धरून पाहिली आणि परत ठेवली. तो ओरडेल म्हणून मी वाट पाहत होते.

"मी रोज फोनवर विचारत होतो," तो म्हणाला. "मम्मी, गोळी घेतली? म्हणे, आत्या आणून देते ना." मग त्यानं डब्याचं झाकण लावलं. "एकदा म्हणे, गोळी गरम पडते रे मले. मी म्हटलं, आत्याले सांग ना. तर म्हणे, नाही बाप्पा. तिले काही सांगतलं की तिले राग येते, अन् राग आला की तिचं बीपी वाढते. तिले काही झालं तर मी कोणाकडं पाहू?"

त्यानं कागदाची घडी करून बॅगेत टाकली. फाडला नाही, सही मागितली नाही. बसची वेळ झाली होती. दाराशी तो माझ्या पाया पडायला वाकला. वाकेल असं मला वाटलं नव्हतं.

उठताना त्यानं विचारलं, "तू घेते ना तुझी गोळी?"

"हौ," मी म्हणाले. "घेतली."

तो पायरीवर थांबला. वळून माझ्याकडं पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि चपला काढून आत आला. माझं पाकीट देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असतं, त्याला ठाऊक होतं. वहिनीला गोंदियाला नेलं त्या दिवसापासून मी त्याला हात लावला नव्हता. त्यानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, एक गोळी फोडून माझ्या हातावर ठेवली आणि माठातून पेला भरून आणला.

"माह्या समोर घे," तो म्हणाला.

मी गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजत होता. तो हलला नाही, माझ्या घशाकडं पाहत तसाच उभा राहिला.